आंबट बंद

सुभद्राच्या घरात आंबट बंद झालं, त्याला दीड वर्ष होत आलं होतं. आणि सुभद्राच्या घरात एखादी गोष्ट बंद झाली म्हणजे ती बंदच. अंबाडीची भाजी बंद, कढी बंद, चिंच बंद, लिंबाचं लोणचं बरणीसकट धाकट्या बहिणीकडे रवाना. हिवाळ्यात अख्ख्या नागपुरात संत्र्यांचे ढीग लागायचे, पण इंदोऱ्यातल्या त्या एका घरात संत्र्याची फोड सापडली असती तर शपथ. कारण एवढंच, की तिचा नवरा ताराचंद याचा उजवा खांदा धरला होता. आंबटानं सांधे धरतात हे तिला तिच्या आईनं सांगितलं होतं, आईला तिच्या आईनं, आणि गल्लीत कोणत्याही बाईला विचारलं असतं तर तिनंही हेच सांगितलं असतं.

आंबटाची जागा मग गोडानं घेतली. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, दोन वेळा गुळाचा चहा, निजताना गूळ घातलेलं दूध. साखर मात्र नाही हं! साखर कारखान्यातली, गूळ शेतातला, आणि गुळानं हाडं भरतात, असा सुभद्राचा पक्का सिद्धांत होता. ताराचंद एक लाडू संपवून उठायला लागला की ती दुसरा ताटात ठेवायची. तो मुकाट खायचा. पंचवीस वर्षांच्या संसारात तिनं वाढलेल्याला नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती, आणि खरं सांगायचं तर लाडू होतेही फार चांगले.

ताराचंद पेंटर होता. भिंती रंगवणारा नव्हे, अक्षरं लिहिणारा. सीताबर्डीवरच्या निम्म्या दुकानांचे बोर्ड त्याच्या हातचे होते. शिडीवर चढायचं, सुतळीला खडू लावून सरळ रेघ मारून घ्यायची, आणि मग अक्षरं काढून झाल्यावर त्यांच्या डोक्यावरून शिरोरेषा एका दमात ओढायची, ब्रश मध्ये कुठेही न उचलता. ती ओढताना खाली माणसं थांबून बघायची. सुभद्राला अक्षर ओळखता येत नव्हतं, शाळेचं तोंडही तिनं पाहिलेलं नव्हतं, पण बर्डीवरून जाताना कुठला बोर्ड आपल्या माणसाचा ते ती शिरोरेषेवरून सांगायची आणि तिचं कधी चुकत नसे.

आता तो हात छातीच्या वर जात नव्हता. सदरा घालताना सुभद्राला बाही धरावी लागे. त्यातून गेल्या पावसाळ्यापासून बोटंही आखडायला लागली होती. ब्रश धरला तर मूठ नीट वळत नसे, आणि सोडला तर बोटं सरळ होत नसत. एका कापडवाल्याच्या बोर्डाची शिरोरेषा उजवीकडे जाता जाता बोटभर खाली उतरली. दुकानदार भला माणूस, काही बोलला नाही. पण ताराचंदनं घरी येऊन ब्रश घासलेटमध्ये बुडवले ते आठ दिवस काढलेच नाहीत. पन्नाशीत हात गेला तर पुढं काय, हे दोघंही मनात म्हणत होती आणि दोघंही एकमेकांपासून लपवत होती. तहान फार लागते, अंग वाळत चाललंय, हेही तिला दिसत होतं. ते तिनं उन्हावर आणि काळजीवर ढकललं आणि दुधात गूळ आणखी थोडा वाढवला.

एका रविवारी वस्तीतल्या विहारात वंदना चालली होती. छप्पन साली नव्या नवरीच्या लुगड्यात सुभद्रा याच माणसाच्या शेजारी उभी राहून, हात जोडून, धम्मात आली होती. तेव्हापासून रविवारची वंदना दोघांनी क्वचितच चुकवली होती. त्या दिवशी पंचशील म्हणताना मारोतराव मागे बसले होते. हे वस्तीतले वडीलधारे, विहाराची किल्ली यांच्याकडे, आणि कोणाचं काय चुकतं याचीही नोंद यांच्याकडेच. वंदना संपल्यावर ते ताराचंदला म्हणाले, "काहून गा ताराचंद, हात बी पुरे जोडत नाही आता? मन कुठं राह्यते तुयं?"

ताराचंद नुसता हसला. सुभद्राला मात्र ते फार लागलं. तिनंही पाहिलं होतं. गेले दोन-तीन रविवार त्याचे हात असेच अर्धवट जोडलेले असत. तिला वाटायचं, माणूस दुखण्यानं खचला, याची श्रद्धाच उडत चालली.

घरी आल्यावर तिनं विचारलंच. "लोकांच्या देखत असं कसं करता तुमी? हात जोडाले काय लागते?"

"जोडून तं राहिलो."

"कुठं जोडून राहिले? दाखवा."

त्यानं हात जोडले. मनगटं टेकली, बोटांची टोकं टेकली, पण मध्ये बोटं वाकलेलीच राहिली आणि दोन्ही तळव्यांमध्ये फट पडली. सुभद्राला अजून राग होता. तिनं त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि जोरानं दाबले. ताराचंदच्या तोंडून "आई गं" निघालं. तेव्हा तिला कळलं की हा माणूस जोडत नाही असं नाही, याला जोडताच येत नाही. तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की ती बराच वेळ त्याचे हात सोडायलाही विसरली.

दुसऱ्याच दिवशी तिनं त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. रांगेत चार तास गेले. आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, झोप न झालेल्या डोळ्यांच्या, पण बोलायला मऊ. त्यांनी खांदा पुढून, मागून, बाजूनं हलवून पाहिला. मग म्हणाल्या, "हात जोडा पाहू."

ताराचंदला वाटलं बाईंना नमस्कार हवाय. त्यानं हात जोडले आणि अदबीनं म्हणाला, "जय भीम, बाई."

"जय भीम," डॉक्टरीणबाई हसल्या. "पण हात तसेच ठेवा. तळवे चिकटवा, बोटांसकट. आणखी. आणखी." मग त्यांनी आपला पेन त्या फटीतून आरपार घातला आणि त्या गंभीर झाल्या. "लघवी कधी तपासली का?"

"दुखते खांदा, बाई," सुभद्रा मध्येच म्हणाली. तिला वाटलं, या पोरीला काही ऐकू येत नसावं.

तरी लघवी तपासली गेली. एका काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. नळीतलं निळं पाणी उकळता उकळता हिरवं झालं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि शेवटी विटेसारखं लाल होऊन थांबलं. ताराचंद रंगाचा माणूस, तो कौतुकानं बघतच राहिला. "हा तं गेरू झाला," तो म्हणाला. नळी धरणाऱ्या माणसानं मान हलवली. त्याला या रंगाचं कौतुक नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. रक्तात साखर वाढलीय, मधुमेह आहे. साखर फार दिवस वाढलेली राहिली की सांध्यांभोवतीचे पडदे, बोटांवरची कातडी, सगळं हळूहळू ताठर होतं. खांदा असा धरतो, बोटं अशी वाकून राहतात. "लोक खांद्याला तेल लावत बसतात, आणि कारण असतं रक्तात," त्या म्हणाल्या. "काय खाता तुम्ही?"

हे उत्तर सुभद्राजवळ तयार होतं. दीड वर्ष ती कोणीतरी हे विचारावं म्हणून थांबली होती. "आंबट तं मी एक थेंब जाऊ देत नाही, बाई," ती ताठ बसून म्हणाली. "ना चिंच, ना दही, ना संत्रा. डिंकाचे लाडू देतो, मेथीचे देतो. गुळाचा चहा. दुधात बी गूळच टाकतो. साखर घरातच आणत नाही."

ती सांगत गेली तसा डॉक्टरीणबाईंचा पेन कागदावर थांबत गेला. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकारच म्हणायचे. "बाई," त्या हळूच म्हणाल्या, "गूळ साखरच आहे. शरीराला दोन्ही सारखेच. हा आजार गुळानं झाला नाही, तो यांच्या अंगात आधीपासून असणार. पण गुळानं त्याला खतपाणी मिळालं. आणि आंबटाचा काही संबंध नाही."

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या. सुभद्रानं फक्त खतपाण्याची ऐकली.

"मी पेंटर हाय, बाई," ताराचंदनं विचारलं. "हात वर जाईन का?"

"साखर उतरवली आणि रोज व्यायाम केला तर खांदा बराच सुटेल. वर्ष लागेल, कदाचित जास्त. बोटांचं मात्र मी वचन देत नाही."

परत येताना बसमध्ये सुभद्रा खिडकीकडे तोंड करून बसली होती. घराजवळच्या थांब्यावर उतरल्यावर ती म्हणाली, "मीनंच जहर चारलं तुमाले. आपल्या हातानं."

"चूप वं. लोक पाहून राहिले."

"पाहू द्या."

ताराचंदला अशा वेळी काय बोलावं ते कधीच सुचत नसे. तो शिडीवर बोलणारा माणूस, तोही ब्रशानं. त्यानं तिच्या हातातली पिशवी आपल्या डाव्या हातात घेतली आणि तो पुढे चालू लागला. संध्याकाळी त्यानं अंबाडीची भाजी मागितली. सुभद्रानं ज्वारीच्या भाकरीबरोबर ती वाढली. त्या पहिल्या घासाला ताराचंदनं डोळे मिटून घेतले. दीड वर्ष हा माणूस एवढ्याशा आंबटासाठी झुरत होता आणि एका शब्दानं बोलला नव्हता, हे पाहून ती चुलीकडे वळली आणि पदर डोळ्याला लावला.

त्यानंतर सुभद्रानं घरात जे चालवलं, त्यापुढे आंबटबंदी काहीच नव्हती. लाडवांचा डबा रिकामा झाला, चहा बिनगुळाचा झाला, आणि तिनंही तोच प्यायला सुरुवात केली. पहिल्या घोटाला तिचं तोंड असं झालं की ताराचंद हसून हसून खोकला. भात एक वाटी, तीही तिनं मोजून वाढायची. गोळ्या तिच्या हातून. इंदोऱ्याहून बर्डीपर्यंत तो रिक्षानं जायचा, आता पायी. एकटा सोडला तर वाटेत रिक्षा करेल या भीतीनं ती रोज सकाळी अर्ध्या वाटेपर्यंत बरोबर जायची आणि वळणावर उभी राहून तो दिसेनासा होईपर्यंत बघायची.

दवाखान्यातून तिनं ती काचेची नळी, निळं औषध आणि स्पिरिटचा दिवा मागून आणला होता. सकाळी पहिलं काम तेच. अक्षर येत नसलं म्हणून काय झालं, रंग तिला चांगले कळत. सुरुवातीला रोज वीटच निघायची. महिन्याभरानं नारिंगी. मग एके दिवशी पिवळा निघाला तेव्हा तिनं नळी तशीच धरून अंथरुणातल्या ताराचंदला हलवलं. "उठा, पाहा!" तो डोळे चोळत म्हणाला, "हळद्या हाय हा, लिंबू नाही." पेंटरचं घर, रंगाचं नाव चुकलेलं चालायचं नाही.

आणि भिंत. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं तसं तो भिंतीसमोर उभा राहायचा आणि उजव्या हाताची बोटं भिंतीवरून वर चालवायचा, जातील तिथपर्यंत. सुभद्रा आधी खांदा तिळाच्या कोमट तेलानं चोळायची, मग कोपराखाली आपला तळवा धरायची, आणि बोटं जिथं थांबतील तिथं खडूनं रेघ मारायची. पहिली रेघ त्याच्या छातीजवळ होती. दुखायचं फार. कधी तो चिडून म्हणायचा, "राहू दे आता." ती म्हणायची, "एक बोटभर. मग सोडतो." ती कधीच एका बोटावर सोडत नसे, आणि हे त्यालाही माहीत होतं. होळीपर्यंत रेघ हनुवटीला आली, उन्हाळ्यात कपाळाला. दिवाळी उलटली तेव्हा त्याचा हात डोक्याच्या वर वीतभर गेला. बोटं मात्र होती तशीच वाकडी राहिली. ब्रशाच्या दांड्याला चिंधी गुंडाळून जाड मूठ केली की तो त्याला धरता येई. तेवढ्यावर तो हळूहळू छोटे बोर्ड लिहू लागला.

सगळं बरं चाललं होतं, फक्त सुभद्रा बदलली होती. पूर्वी गल्लीत कोणाचं काही दुखलं की लोक तिच्याकडे यायचे. आता शेजारची कांताबाई गुडघे धरून आली, "काय लावू वं सुभद्रा?" म्हणाली, तर ही म्हणाली, "मले काही समजत नाही, बाई. मले नको विचारू." आणि दार अर्धवट लावून घेतलं. ताराचंद आत बसून ऐकत होता. खांद्यापेक्षा हे त्याला जास्त दुखलं, पण तोंडानं समजूत घालणं त्याच्या हातचं नव्हतं.

मग एका तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताराचंदजी, बाहेरच्या भिंतीवर एक बोर्ड लिहून द्याल? दोन हातांचं चित्र, आणि खाली सांध्यांचं आणि साखरेचं थोडक्यात. काय लिहायचं ते तुम्ही दोघंच ठरवा. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

घरी पत्रा भिंतीला टेकवून झाला. काळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं ठरली. ताराचंदनं आधी हात काढले, स्वतःचेच, आणि मधली फटही. मग सुभद्रा सांगू लागली. "लिहा. तळवे जोडून पाहा, जुळले नाही तं लघवी तपासा." त्यानं लिहिलं. "लिहा. आंबटानं सांधे धरत नाही. गूळ बी साखरच हाय." त्यानं लिहिलं.

"आता शेवटलं लिहा. इंदोऱ्याच्या सुभद्राबाईनं नवऱ्याले दीड वर्ष गूळ चारला, म्हणून त्याचा हात गेला. तुमी तसं करू नका."

ताराचंदनं ब्रश खाली ठेवला. "हे काय? बोर्डावर कोणी असं लिहिते का?"

"लिहा. नुसतं सांगितलं तं बायांले खरं वाटत नाही. नाव वाचलं की वाटते."

"मी नाही लिहीत."

"तुमाले माही शपथ."

त्यानं ब्रश पुन्हा उचलला. मग म्हणाला, "बरं. बाहेर जाय तू. तू बसली की हात कापते माहा." ती बाहेर ओसरीवर जाऊन बसली. परत आली तेव्हा खाली बारीक अक्षरांच्या दोन ओळी झाल्या होत्या. शिरोरेषा शेवटाला किंचित उतरली होती, पण एका दमात ओढलेली होती. "यात कुठं हाय माहं नाव?" तिनं विचारलं. त्यानं वाकड्या बोटानं दाखवलं. तिनं त्या अक्षरांकडे पाहिलं आणि तिच्या छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. आपली चूक आता भिंतीवर टांगली जाईल, चार बाया शहाण्या होतील, म्हणजे थोडी तरी फेड झाली.

बोर्ड लागल्यावर पुढल्या तपासणीला ती मुद्दाम त्याच्या खालच्या बाकावर जाऊन बसली. ताराचंद नंबर लावायला खिडकीशी उभा होता. तिला लोकांच्या तोंडून ते ऐकायचंच होतं, शिक्षा म्हणा हवं तर. थोड्या वेळानं एक म्हातारी आणि तिची सून आली. सून शिकलेली दिसत होती. सासूनं विचारलं, "काय लिहिलं वं त्याच्यावर?"

सून मोठ्यानं वाचू लागली. तळव्यांचं वाचलं, आंबटाचं वाचलं, गुळाचं वाचलं. सुभद्रानं मान खाली घातली आणि पदर घट्ट धरला.

"आणि खाली बारीक लिहिलं आहे," सून पुढे झुकून म्हणाली. "हा बोर्ड लिहिणारा हात वर जात नव्हता. सुभद्राबाई, माझी बायको, हिनं रोज बोटभर बोटभर करून तो वर नेला. ताराचंद पेंटर, इंदोरा."

"नशीबवान बाई," म्हातारी म्हणाली आणि बाकावर सुभद्राच्या शेजारी टेकली.

सुभद्रा उठली. ती खिडकीपाशी गेली, रांगेतल्या सगळ्या माणसांदेखत तिनं ताराचंदची बाही ओढली. तिला रडू आवरत नव्हतं आणि रागही आवरत नव्हता. "शपथ घातली होती ना मी तुमाले? खोटं लिहिलं तुमी!"

"खोटं काय त्यात?"

"मिटवा ते. आत्ताच्या आत्ता मिटवा."

ताराचंदनं आपला उजवा हात उचलला आणि वाकड्या बोटांनी तिच्या डोक्यावरचा घसरलेला पदर नीट केला.

"ऑइल पेंट हाय, सुभद्रे," तो म्हणाला. "आता मिटत नाही."